काकांचे पैसे: कर्ज, भागी की उपकार?

आधी प्रश्न थोडक्यात. प्रश्नकर्ते ज्या देशात राहतात तिथे त्यांचा समाज मूठभर आहे. नोकरी सोडून त्यांना ऑफिसच्या इमारतींच्या साफसफाईची कंत्राटं घ्यायची आहेत. पूर्वी कधी कर्जच घेतलेलं नसल्यामुळे बँकेनं अर्ज परत पाठवला. काका पैसे द्यायला तयार आहेत, समाजातले लोक भिशीत घ्यायला तयार आहेत आणि चुलतभाऊ उद्यापासून कामावर यायला तयार आहे. ते विचारतात, "आपली माणसं पाठीशी असली की धंदा चालतो, असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय चालतं? आणि मी त्यांच्यावर किती विसंबावं?"

गेली बावीस वर्षं मी अशाच लोकांचे हिशेब, कर्जाचे अर्ज आणि भागीदारीची भांडणं हाताळतो आहे. माझं उत्तर असं, की मदत घ्या. तुमच्या जागी असलेल्या माणसाला तिच्यावाचून पहिली दोन वर्षं काढणं कठीण. फक्त ती फुकट मिळते, हे डोक्यातून काढून टाका. बँकेचं व्याज कागदावर छापलेलं असतं. घरच्या पैशाचं व्याज कुठेही लिहिलेलं नसतं, पण वसूल होतंच, आणि बहुतेक वेळा अशा दिवशी होतं जेव्हा तुमची द्यायची ऐपत नसते.

पैशापासून सुरू करतो, कारण सगळे तिथूनच सुरू करतात.

नातेवाइकाचा पैसा बँकेच्या पैशापेक्षा स्वस्त असतो, पण त्याचा खरा गुण वेगळाच आहे. तो थांबतो. साफसफाईच्या धंद्यात कंत्राटदार आज माणसं लावतो, महिनाअखेर पगार देतो आणि बिलाचे पैसे पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या महिन्यात हातात येतात. नवा धंदा नफा नाही म्हणून क्वचित मरतो. तो या मधल्या महिन्यांत गुदमरून मरतो. या महिन्यांत बँकेचा हप्ता थांबत नाही, काका थांबतात. समाजातला घाऊक विक्रेता "पुढच्या खेपेला द्या" म्हणतो, तेव्हाही तो तुम्हाला भांडवलच देत असतो, भले त्याला तसं कोणी म्हणत नसेल.

भिशीकडे लोक बायकांची हौस किंवा गरिबांची जुगाड म्हणून बघतात. ती त्याहून फार मोठी चीज आहे. चिनी लोकांची हुई, कोरियन क्ये, जपानी तानोमोशी, जमैकन लोकांचा पार्डनर, त्रिनिदादची सुसू, इथिओपियन एकुब, मेक्सिकन तांदा ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. क्लिफर्ड गिर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं १९६२ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. पुढे १९७२ मध्ये समाजशास्त्रज्ञ आयव्हन लाइट यांनी असं मांडलं, की अमेरिकेतले चिनी आणि जपानी स्थलांतरित बँकांचे दरवाजे बंद असतानाही दुकानं काढू शकले, त्यात या मंडळांचा मोठा वाटा होता.

तिचं गणित नीट समजून घ्या, कारण तुम्हाला तिच्यात आपला नंबर निवडायचा आहे. बारा जण महिन्याला एकेक हिस्सा टाकतात आणि दर महिन्याला एकजण बाराही हिस्से उचलतो. पहिल्या महिन्यात उचलणाऱ्याला बाकी अकरा जणांनी बिनव्याजी कर्ज दिलेलं असतं. शेवटच्या महिन्यात उचलणारा त्याच अकरा जणांकडे वर्षभर बिनव्याजी बचत करत असतो. सहाव्या महिन्यात उचलणारा आधी पाच महिने सावकार असतो आणि नंतर सहा महिने ऋणको. म्हणजे नाव एकच, पण प्रत्येकाचा व्यवहार वेगळा. बोलीच्या भिशीत तर ज्याला घाई आहे तो कमी रक्कम घेऊन आधी उचलतो आणि त्यानं सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात. ते व्याजच, फक्त त्याला तसं म्हणायचं नाही एवढंच. तुम्हाला यंत्रं घ्यायची असतील तर पहिल्या तीन नंबरांत या. धंदा सहा महिन्यांनी सुरू करणार असाल तर मागचा नंबर घ्या आणि तोवर नोकरी सोडू नका.

पहिल्याच महिन्यात पैसे उचलून लोक पळून का जात नाहीत? हा प्रश्न बँकेतले अधिकारी मला हमखास विचारतात. त्याचं उत्तर म्हणजेच या सगळ्या जाळ्याचा पाया. पळणाऱ्याला फक्त अकराजण गमवावे लागत नाहीत. पुढच्या भिशीत त्याला कोणी घेत नाही, उधारीवर माल मिळत नाही, बहिणीच्या स्थळाची चौकशी करणारे लोक दुसऱ्याच कोणाकडे तरी त्या पळण्याची कथा ऐकतात. तारण घरात नसतं, ते तोंडातोंडी फिरत असतं.

अकराव्या शतकात कैरोजवळच्या फुस्तातमध्ये मगरिबी, म्हणजे वायव्य आफ्रिकेकडचे, ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रापलीकडच्या आडत्यांकडे माल पाठवत. कैरोच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, गेनिझा नावाच्या कोठीत त्यांची पत्रं सापडली. ती अभ्यासून आवनर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञानं मांडणी केली, की एकाला फसवणाऱ्या आडत्यावर सगळेच बहिष्कार टाकत, म्हणून फसवणूक परवडत नसे. त्यावर दुसऱ्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला, की हेच व्यापारी लेखी करार करत होते आणि कज्जे घेऊन न्यायालयातही जात होते. मला दोन्ही बाजू पटतात. माझ्या टेबलासमोर बसलेली माणसंही "आमच्यात शब्द म्हणजे शब्द" असं म्हणतात आणि पिशवीतून वकिलाची नोटीस काढतात. न्यूयॉर्कच्या सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर हिरेवाल्यांचे मोठे सौदे हस्तांदोलन आणि एका हिब्रू आशीर्वादावर पक्के होत आले, पण त्या आशीर्वादामागे त्यांच्या क्लबचं स्वतःचं लवादमंडळ आहे. नुसता विश्वास तिथेही नाही.

आणि बहिष्काराची भीती कुठवर चालते? माणसाला बाहेर जागा नसते तोवरच. ज्याला समाजाबाहेर नोकरी, कर्ज, जोडीदार सगळं मिळू शकतं, त्याला "तुला वाळीत टाकू" या धमकीनं काही होत नाही. त्यामुळे पहिल्या पिढीच्या शब्दावर चालणारा व्यवहार दुसऱ्या पिढीशी तसाच करू नका. चुलतभाऊ इथेच जन्मलेला असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा.

समाजाचा पैसा संस्थेच्या रूपातही उभा राहतो. न्यूयॉर्कमध्ये १८९२ साली हिब्रू फ्री लोन सोसायटी निघाली. ज्यू स्थलांतरितांना बिनव्याजी कर्ज द्यायचं, तारण मागायचं नाही, पण जामीनदार मागायचा. सॅन फ्रान्सिस्कोत १९०४ मध्ये ए. पी. जियानिनी यांनी ज्या छोट्या इटालियन स्थलांतरितांना मोठ्या बँका उभं करत नव्हत्या त्यांच्यासाठी बँक ऑफ इटली काढली. १९०६ च्या भूकंपानंतर त्यांनी शब्दावर कर्जं दिली, अशी तिची ख्याती आहे. हीच बँक पुढे १९३० मध्ये बँक ऑफ अमेरिका झाली. ती इटालियन गल्लीपुरती राहिली असती तर आज तिचं नाव कोणाला माहीत असतं?

आता पैशापेक्षा मोठ्या गोष्टीकडे. बावीस वर्षांनी मला कोणी विचारलं, की समाज सगळ्यात मौल्यवान काय देतो, तर मी पैसा म्हणणार नाही. समाज उमेदवारी देतो. दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या जोखमीवर, चुका करत शिकायची संधी.

अमेरिकेतल्या मोटेलांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते 'रक्तातच धंदा' अशा थाटात सांगितलं जातं. गुजराती पटेलांच्या रक्तात मोटेल नव्हतं. सुरुवातीला आलेल्या काही जणांच्या हाती पडकी हॉटेलं लागली. कुटुंब तिथेच राहिलं, म्हणजे घरभाडं वाचलं. गादीच्या चादरी बदलण्यापासून गल्ल्यापर्यंत सगळी कामं घरच्यांनीच केली, म्हणजे पगार वाचला. मागून येणारा पुतण्या आधी त्यांच्याकडे वर्षभर राबला आणि खोल्या कशा भरतात, गळकी पाइपलाइन किती खाते, विकणाऱ्याशी घासाघीस कशी करतात हे शिकून बाहेर पडला. मग त्याच नातेवाइकांच्या शब्दावरच्या पैशातून त्यानं आपलं मोटेल घेतलं. स्पर्धकांनी 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावल्या, विमा कंपन्या दारात उभं करेनात, तेव्हा हेच लोक संघटित झाले आणि १९८९ मध्ये त्यांची आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची संघटना निघाली. आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक हॉटेलांची मालकी तिच्या सदस्यांकडे असल्याचं ती संघटना सांगते. इथे नात्याच्या जाळ्याचं रूपांतर उघड, नोंदणीकृत संघटनेत झालं, हा मला त्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो.

कॅलिफोर्नियातली कंबोडियन लोकांची डोनटची दुकानं घ्या. टेड न्गॉय १९७५ मध्ये निर्वासित म्हणून आले, एका डोनट साखळीत काम शिकले, मग स्वतःची दुकानं घेतली. पुढे त्यांनी शेकडो कंबोडियन कुटुंबांना आधार दिला, शिकवलं आणि आपली दुकानं त्यांना चालवायला दिली. नंतर जुगारात त्यांनी सगळं घालवलं. ती कुटुंबं मात्र दुकानं चालवत राहिली. पहिला माणूस कोसळला तरी जाळं टिकतं, कारण शिकलेलं कोणी परत मागू शकत नाही.

त्याच १९७५ साली सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत अभिनेत्री टिप्पी हेड्रन यांनी आपल्या नखांची निगा राखणाऱ्या बाईंना आणून वीस व्हिएतनामी स्त्रियांना ते काम शिकवायला लावलं. तिथून सुरू झालेली साखळी इतकी पसरली, की अमेरिकेत नेल सलून म्हटलं की व्हिएतनामी चेहरा डोळ्यासमोर येतो. एका बाईंच्या सुबक नखांपासून एका अख्ख्या समाजाचा धंदा! धंद्याचे असे कोनाडे पुष्कळदा योगायोगानं सापडतात, आणि मग भाची मावशीकडे शिकते, मावशी जागा शोधून देते, परवान्याचा फॉर्म कसा भरायचा ते शेजारीण सांगते.

हे शिकणं फार किमती असतं, पण त्याला एक शेपूट आहे. सगळे एकच गोष्ट शिकतात. उमेदवारी करून निघालेला माणूस उस्तादाच्या दुकानापासून दोन चौक पलीकडे तेच दुकान काढतो, दर पाडतो आणि दोघंही दिवसाला चौदा तास राबून कमी कमावतात. मी याला 'आपल्याच ताटातून उष्टं खाणं' म्हणतो. माझा एक नियम आहे: समाजातल्या ज्या माणसाकडून शिकाल त्याच्या गिऱ्हाइकाला तीन वर्षं हात लावायचा नाही, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच तोंडावर सांगायचं. शिकवताना त्याचा हात आखडत नाही.

घरच्यांच्या श्रमाबद्दल मी जरा रागानं लिहिणार आहे, तेवढं सहन करा.

"आमचा धंदा फायद्यात आहे" म्हणणाऱ्या कुटुंबांना मी एक साधं काम देतो. गल्ल्याजवळ वही ठेवायची आणि चार आठवडे प्रत्येकानं आलो-गेलोची वेळ लिहायची. सासूबाईंनी सुद्धा, शाळेतून येऊन खोकी रचणाऱ्या मुलीनं सुद्धा. एका कुटुंबानं वही आणली तेव्हा पाच जणांचे मिळून आठवड्याला २०० च्या वर तास भरले. पगार फक्त एकाचा, तोही अनियमित. मी त्या तासांना त्या देशाच्या किमान वेतनानं गुणलं आणि नफ्यातून वजा केलं. उत्तर उणे आलं. नवरा म्हणाला, "घरच्यांचे तास कसले मोजता?" बायको काही बोलली नाही. तिनं वही आपल्याकडे ओढली, सूनबाईंच्या रकान्यात राहिलेले दोन रविवार भरले आणि वही पुन्हा माझ्यासमोर सरकवली.

घरच्यांनी राबू नये असं मी म्हणत नाही. सुरुवातीला तोच तर तुमचा फायदा आहे, तो मोठ्या कंपनीकडे नसतो. पण तो फायदा म्हणजे कोणाची तरी झोप आणि कोणाचा तरी अभ्यास, हे दिसलं पाहिजे. ते दिसलं नाही की माणूस न परवडणाऱ्या दरात कंत्राट घेतो. साफसफाईच्या धंद्यात तर हा सापळा तोंड वासून बसलेला असतो: आईला आणि भावाला फुकट धरून दर लावता, कंत्राट मिळतं, मग आई आजारी पडते, बाहेरचा माणूस ठेवावा लागतो आणि प्रत्येक महिन्याला तुम्ही खिशातून भर घालता. टेंडर भरताना घरच्या प्रत्येकाला पूर्ण पगारावर धरा. मग तो पगार प्रत्यक्ष द्या किंवा धंद्यात त्यांच्या नावानं ठेवा.

समाजाच्या श्रमाची काळी टोकंही आहेत. इटलीतल्या प्रातो शहरात चिनी स्थलांतरितांचे, विशेषतः चीनमधल्या वेन्झौकडून आलेल्यांचे, शिवणकामाचे शेकडो कारखाने उभे राहिले. मालकही आपला, कामगारही आपला, राहायचं-झोपायचं कारखान्यातच. १ डिसेंबर २०१३ ला त्यातल्या एका कारखान्याला आग लागली आणि सात चिनी कामगार मेले. 'आपल्या माणसाकडे काम करतो' या वाक्यामुळे कामाचे तास, पगाराची पावती, आगीपासून बाहेर पडायचा रस्ता हे प्रश्न विचारायचे राहून जातात. चुलतभावाला नोकरीवर घेणार असाल तर त्याला नेमणूकपत्र द्या. त्याला ते अपमानास्पद वाटेल. तरी द्या.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गफलत. तुम्ही लिहिलंय की समाज पाठीशी आहे. तुमचं गिऱ्हाईक कोण आहे? ऑफिसच्या इमारतींचे व्यवस्थापक. त्यातला एकही तुमच्या समाजाचा नाही, हे तुमच्याच पत्रात आहे. समाजातल्याच लोकांना लागणारी वस्तू विकणाऱ्या दुकानदाराला गोतावळा गिऱ्हाईक देतो. तुम्हाला तो हात देईल, पैसे देईल, धीर देईल. कंत्राट देऊ शकणार नाही.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा दुबळ्या नात्यांवरचा सिद्धांत हेच सांगतो. जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे तुम्हाला आधीच माहीत आहे, कारण तुम्ही सगळे एकाच ओट्यावर बसलेले असता. नवी बातमी ओळखीच्या-ओळखीच्या माणसाकडून येते, ज्याला तुम्ही वर्षातून दोनदा भेटता. तुमच्या जुन्या नोकरीतला तो सुरक्षा पर्यवेक्षक, रसायनं पुरवणाऱ्या कंपनीचा विक्रेता, लिफ्टची देखभाल करणारा तंत्रज्ञ. कुठली इमारत आपल्या कंत्राटदारावर वैतागली आहे हे त्यांना कळतं, काकांना नाही. म्हणून आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून समाजाबाहेर घालवा. अवघड जाईल, भाषा अडखळेल. ते धंद्याचंच काम समजा.

आणि हा प्रश्न फक्त धंदा वाढवण्याचा नाही. समाजशास्त्रज्ञ एडना बोनॅसिच यांनी १९७३ मध्ये 'मध्यस्थ अल्पसंख्याकां'चा सिद्धांत मांडला: वरच्या आणि खालच्या वर्गांच्या मधोमध व्यापार करणारा समाज आपसांत घट्ट असतो आणि ज्यांच्यात राहतो त्यांच्यापासून तुटलेला असतो. संकट आलं की राग त्याच्यावर निघतो. एप्रिल १९९२ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली, तेव्हा कोरियन मालकीच्या दोन हजारांहून अधिक दुकानांचं नुकसान झालं. क्ये म्हणजे त्यांची भिशी होती, चर्च होतं, नातलग होते. पण जिथे दुकान होतं त्या वस्तीशी पुष्कळांचा संबंध गल्ल्यापुरताच होता. दंगलीची कारणं याहून कितीतरी खोल होती, सगळा भार दुकानदारांवर टाकणं अन्याय होईल. तरीही वस्तीतला एखादा कामगार ठेवणं आणि शेजाऱ्याला नावानं ओळखणं यावर मी म्हणूनच जास्त जोर देतो.

जाळं हवेत उभं नसतं, हेही लक्षात ठेवा. युगांडाचे हुकूमशहा इदी अमीन यांनी ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगरपालिकेनं तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे येऊ नका. पुष्कळ जण तिथेच गेले, आणि त्यांच्या दुकानांनी त्या शहराचे काही रस्ते पुन्हा जागे केले. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण त्यांच्यापाशी व्यापाराचा अनुभव होता, इंग्रजी होतं, ब्रिटिश पासपोर्ट होते, आधीपासून तिथे राहणारे नातलग होते. हेच लोक, हेच नातेसंबंध, पण दुकानाचा परवाना मिळायला पाच वर्षं लागणाऱ्या देशात गेले असते तर? क्लोस्टरमन, व्हान डर लून आणि रात या डच अभ्यासकांनी १९९९ मध्ये याच अंगानं लिहिलं: स्थलांतरिताचा धंदा समाजात रुजलेला असतो तसाच तो त्या देशाच्या कायद्यात आणि बाजारातही रुजलेला असतो. म्हणून साफसफाईच्या कंत्राटाला कुठला विमा, कुठली नोंदणी लागते हे काकांना विचारू नका. त्यांनी धंदा काढला तेव्हाचे नियम आता नसतील. त्यासाठी फी घेणारा हिशेबनीस गाठा, शक्यतो समाजाबाहेरचा. तुमच्या नफ्याचा आकडा समाजात फिरू नये असं तुम्हाला लवकरच वाटणार आहे.

कारण आकडा फिरला की मागणी येते. धंदा चालला की दूरच्या आत्याच्या मुलाला नोकरी, समाजाच्या सभागृहाला देणगी, कोणाच्या तरी कर्जाला जामीन. प्रत्येक मागणी एकटी बघितली तर रास्त वाटते. सगळ्या मिळून पुढच्या यंत्राचे पैसे खातात. समाजाला द्यायचंच, तर वर्षाच्या सुरुवातीला रक्कम ठरवा, वेगळ्या खात्यात टाका आणि ते संपलं की "यंदाचं संपलं" म्हणा. नाही म्हणण्यापेक्षा हे म्हणणं सोपं जातं.

आता काकांचे पैसे. एक प्रसंग सांगतो. एका पुतण्यानं काकांकडून पैसे घेऊन दुकान काढलं. "परत कधी द्यायचे ते बघू नंतर," काका म्हणाले होते. तीन वर्षांनी दुकान बरं चालू लागलं, पुतण्यानं रक्कम परत द्यायला सुरुवात केली, तर काकांनी पाकीट घेतलंच नाही. भांडण माझ्याकडे आलं. मी घरातल्या तिघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवून एकेक कागद दिला आणि विचारलं, ते पैसे म्हणजे काय होते, एका शब्दात लिहा. पुतण्यानं लिहिलं, 'हातउसने'. काकांनी लिहिलं, 'भागी'. काकूंनी लिहिलं, 'माझे'. ती रक्कम त्यांच्या शिलाईच्या कमाईची होती आणि तीन वर्षांत त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. तिघांपैकी कोणी लबाड नव्हतं.

तेव्हा तुम्ही एक पान लिहा, वकील नसला तरी चालेल. रक्कम किती आणि ती कोणाची. कर्ज आहे की हिस्सा. हिस्सा असेल तर किती टक्के आणि तोट्यातही आहे की नाही. कर्ज असेल तर पहिला हप्ता कोणत्या महिन्यापासून. पहिले सहा महिने सवलत मागा, काका ती देतील. चुलतभावाची नोकरी या पैशाची अट आहे का, हे स्पष्ट विचारा, आणि असेल तर त्याला काढायची वेळ आली तर काय, हेही आताच बोलून घ्या. पैसे रोख घेऊ नका, बँकेतून घ्या. हप्तेही बँकेतूनच द्या, भिशीचेही. दोन वर्षांनी बँकेत पुन्हा जाल तेव्हा, वेळेवर फेड केल्याचा तोच एक लेखी पुरावा तुमच्याकडे असेल.

आणि त्या पानावर सह्या होतील तेव्हा काकूंना बोलवायला विसरू नका.